शेवटची पंगत

गफ्फारभाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते आमच्या शाळेच्या ओट्यावर पालथे पडले होते.

अंगात इस्त्रीचा पांढरा कुर्ता-पायजमा होता, म्हणजे बहुतेक शुक्रवार असावा. चौथीतल्या छकुलीच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता आणि ती कुणाला पायाला हात लावू देत नव्हती. मी सुई घेऊन खाली बसले की ती पाय ओढून घ्यायची आणि सगळा वर्ग खिडकीतून बघायचा. गफ्फारभाई त्यांच्या मुलीला, मलिहाला, शाळेत सोडायला आले होते. फाटकातून त्यांनी हे पाहिलं, आले, आणि काही न विचारता छकुलीसमोर त्या धुळीत पोटावर आडवे झाले. हनुवटी फरशीला टेकवून ते तिच्या टाचेकडे बघत राहिले. एवढा मोठा मिशीवाला माणूस आपल्या पायाशी असा झोपलेला पाहून छकुलीला हसू आलं. ती हसत होती तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातली सुई घेतली, काट्याच्या बाजूने तिरपी सरकवली आणि काटा वर काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"ठेवून दे वं पोरी," ते म्हणाले, "राह्यला असता तर बाभूळ उगवली असती."

मग उठून त्यांनी कुर्ता झटकला. माती काही निघाली नाही. तसेच नमाजाला गेले.

नंतर मी वर्गात मलिहाला विचारलं, तुझे अब्बा काय करतात? ती म्हणाली, "अब्बा जमिनीतले बाँब काढते." सगळी मुलं हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "माहे बाबा भुईमूग काढते." मलिहाही हसली. तिला त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही. तिच्या घरात तो धंदा होता, जसा दुसऱ्याच्या घरात लोहारकीचा किंवा मास्तरकीचा.

गफ्फारभाई लष्करातल्या इंजिनिअर पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. या पलटणीतल्या जवानांना सॅपर म्हणतात. पूल बांधणं, रस्ता करणं, सुरुंग पेरणं आणि पेरलेले सुरुंग काढणं ही त्यांची कामं. राजस्थानच्या सीमेवर त्यांनी दोन्ही केलं होतं, आधी पेरले आणि मग काढले. ते म्हणायचे, पेरायला काही अक्कल लागत नाही, काढायला उमर जाते. पेन्शनीत आले त्याच सुमारास श्रीलंकेतली लढाई संपली होती. तिथल्या उत्तर भागात शेतं, विहिरी, शाळांची मैदानं, सगळीकडे सुरुंग आणि न फुटलेले तोफगोळे तसेच राहिले होते. लोक छावण्यांतून घरी परतायला निघाले होते आणि घराच्या वाटेवरच पाय ठेवायची सोय नव्हती. हे काम करायला वेगवेगळ्या देशांची सरकारं पैसा देत होती. सुरुवातीला आपल्या सरकारनेही माजी सैनिकांच्या तुकड्या पाठवल्या. त्यांतल्या एकीत गफ्फारभाई गेले. पुढे आपला पैसा थांबला आणि दुसऱ्या एका मोठ्या देशाच्या सरकारचा सुरू झाला. माणसं तीच राहिली, गाडीवरचा झेंडा बदलला. त्या सरकारचं नाव गफ्फारभाईंच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ते "देनेवाले" म्हणायचे. देनेवाल्यांनी नवीन गाड्या दिल्या, देनेवाल्यांचे साहेब येऊन गेले, असं.

वर्षातून एकदा ते सुट्टीवर गावी, अमडापूरला यायचे. तोवर माझी शाळेतली नोकरी संपली होती, आमचं घर त्यांच्या घरापासून तीन दारं सोडून. संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसायचे आणि चहा होईपर्यंत माझ्या कोथिंबिरीच्या वाफ्यातलं गवत काढायचे. त्यांचं गवत काढणंही वेगळंच होतं. छोटं दाताळं घेऊन माती स्वतःकडे ओढायची, थर उलगडायचा, थोडं पुढे सरकायचं. त्यांच्या मागे राहिलेल्या मातीत काडीही सापडायची नाही. मी एकदा म्हटलं, गफ्फारभाई, माझ्या वाफ्यात काही नाही हो. ते म्हणाले, "पाह्यल्याबिगर म्हणता येत नाही ना, मॅडम."

त्या संध्याकाळच्या गप्पांतून मला त्यांचं तिकडचं गाव आपल्या मोताळ्या-डोणगावाइतकं ओळखीचं झालं. ताडाची झाडं, लाल माती, भाताची खाचरं. त्यांच्या हाताखाली बहुतेक बायकाच काम करायच्या. कुणाचा नवरा लढाईत गेलेला, कुणाचा बेपत्ता. अंगावर जाड अॅप्रन, तोंडावर काचेसारखा पडदा, गुडघ्यांवर बसून एक हातभर रुंदीची पट्टी घ्यायची आणि दाताळ्याने माती ओढत पुढे जायचं. जिथपर्यंत जमीन साफ झाली तिथे एक रंगवलेली काठी आडवी ठेवायची. काठीच्या अलीकडे पाय ठेवायचा, पलीकडे नाही. दोन्ही बाजूंना लाल टोकाच्या खुंट्या.

या बायकांत सेल्वी नावाची एक होती. गफ्फारभाई तिच्याबद्दल बोलताना सावकाश बोलायचे, जसे आपण घरातल्या हुशार मुलीबद्दल बोलतो, दृष्ट लागू नये म्हणून. ती त्यांना अण्णा म्हणायची. तिचा हात सगळ्यांत हलका. ती रागावली की काम जास्त चांगलं करते, असं त्यांचं निरीक्षण होतं. कधी सुट्टीत तिचा व्हिडिओ कॉल यायचा, मग ते मोबाइल माझ्याकडे फिरवून दाखवायचे. सावळी, कपाळावर विभूती, पुढचा एक दात किंचित तुटलेला. मला तमिळ येत नाही. "अण्णा" एवढा शब्द कळायचा.

सेल्वीचं स्वतःचं शेतही त्याच गावात होतं, रस्त्याला लागून. शेतात विहीर होती. लढाईच्या आधी तिच्या सासऱ्याने खणलेली, गोड्या पाण्याची. शेतात सुरुंग होते म्हणून विहिरीला हात लावता येत नव्हता. ती दुसऱ्यांची शेतं साफ करायची आणि घरी जाताना रस्त्यावरच्या टाकीतून कळशी भरून न्यायची.

गावातल्या कुठल्या जमिनी आधी घ्यायच्या आणि कुठल्या मागून, हे ठरवायची वेळ आली तेव्हा वरच्या लोकांनी गफ्फारभाईंना विचारलं. जागेवरचा माणूस तेच. रस्त्याकडून सुरुवात करणं सोयीचं, म्हणजे सेल्वीचं शेत पहिलं आलं असतं. कुणी हरकत घेतली नसती. गफ्फारभाईंनी ते शेवटी टाकलं.

का, हे समजायला त्यांच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. करीम भटारी म्हणजे या भागातला नावाजलेला स्वयंपाकी. अमडापूर, चिखली, थेट डोणगावपर्यंत लग्नात, उरुसात त्यांच्या मोठाल्या देगा चुलीवर चढायच्या. गफ्फारभाई लहानपणी त्यांच्यासोबत जायचे. कांदे सोलायचे, पाणी वाढायचे, आणि समोर एकामागून एक पंगती उठताना बघत बसायचे. भटाऱ्याच्या घरचं माणूस शेवटच्या पंगतीला जेवतं, हा करीमचाचांचा नियम. पोराने भुकेने तोंड वाकडं केलं तरी पहिल्या पंगतीत बसायचं नाही. पण करीमचाचा एक छोटी देग झाकण लावून, वर ओलं फडकं टाकून बाजूला ठेवायचे. पाहुणे कितीही वाढू देत, त्या देगेला हात लागायचा नाही. ती शेवटच्या पंगतीची. त्यामुळे गफ्फारभाईंनी आयुष्यात शेवटच्या पंगतीला उपाशी राहिलेलं माणूस पाहिलेलं नव्हतं. माझ्या मुलीच्या लग्नातही ते फौजी माणूस असून मठ्ठा वाढत फिरले आणि मांडववाल्या पोरांबरोबर शेवटी जेवले.

तर त्यांनी तिकडे शिकलेल्या तमिळमध्ये सेल्वीला सांगितलं, तू घरची आहेस, घरचे शेवटी बसतात. पंगत म्हणजे काय हेही समजावलं. ती हसली म्हणे. आमच्याकडेही घरच्या बायका शेवटीच जेवतात अण्णा, म्हणाली, त्यात सांगण्यासारखं काय आहे. आणि ती दुसऱ्यांच्या शेतात गुडघे टेकून बसली.

एकेक जमीन होत गेली. जमीन साफ झाली की ती मालकाच्या ताब्यात द्यायचा तिकडे एक रिवाज आहे. ज्यांनी ती साफ केली तेच लोक आधी सगळ्यांदेखत तिच्यावरून चालून दाखवतात. आम्ही चाललो, आता तुम्ही चाला. बाकीचे बूट घालून चालायचे. गफ्फारभाई बूट काढायचे. आपल्याकडे पेरणीला तिफण धरताना वहाणा काढतात, तसे. अनवाणी माणूस पुढे आणि मालक मागे, असे ते शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. तिकडच्या म्हाताऱ्यांना ते फार आवडायचं. मला त्यांनी एकदा तळपाय दाखवला होता, लाल मातीने भेगा रंगलेल्या.

सेल्वीच्या आधीची शेवटची जमीन ज्या दिवशी ताब्यात दिली, त्या दिवशी नारळाच्या झावळ्यांचा मांडव घातला होता. देनेवाल्यांच्या कोलंबोतल्या ऑफिसातून आल्हाद नावाचे एक तरुण साहेब आले होते. पुण्याचे, मराठी. गफ्फारभाईंना त्यांचा फार अभिमान. परक्या मुलखात आपल्या भाषेतला माणूस साहेब म्हणून येतो, गफ्फारजी म्हणतो, 'जाऊन राह्यलो' ऐकून हसतो पण चांगल्या मनाने हसतो. सेल्वीने मांडवात सगळ्यांसमोर उभं राहून विचारलं की आता माझं शेत घेणार ना? सवाल तमिळमध्ये, तो गफ्फारभाईंनी मराठीत आल्हादना सांगितला. आल्हाद म्हणाले, "तिला सांगा, तिचं शेत पूर्ण झाल्याशिवाय आम्ही इथून हलणार नाही. माझा शब्द आहे."

गफ्फारभाईंनी ते तमिळमध्ये सांगितलं. आणि आपल्या मनाने त्यात एक वाक्य घातलं, की हे साहेब माझ्या मुलखातले आहेत, आमच्याकडचा माणूस दिलेला शब्द मोडत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्याच आठवड्यात सेल्वीच्या शेतात पट्ट्या आखल्या गेल्या. तिची स्वतःची पट्टी तिने विहिरीच्या दिशेने मागून घेतली. स्वतःच्या जमिनीत काम करू नये, हात घाई करतो, असं गफ्फारभाईंचं मत होतं. पण तिला नाही कसं म्हणणार? तिने घाई केली नाही. रोज तेवढंच, तितकंच हलकं. पहिले काही दिवस फक्त गंजलेले खिळे आणि पत्रे निघाले, मग सुरुंग निघू लागले. म्हणजे जमीन खरंच भरलेली होती.

एका सकाळी काम चालू असताना वायरलेसवर हुकूम आला. देनेवाल्यांच्या देशात सरकारने परदेशी मदत थांबवली होती. सगळी, सगळीकडची, त्याच दिवसापासून. अवजारं खाली ठेवा, माणसं बाहेर काढा. गफ्फारभाईंनी पुन्हा विचारलं, हातातली पट्टी पुरी करून का? उत्तर आलं, नाही, आत्ता.

त्यांनी शिट्टी वाजवली. सेल्वीला वाटलं चहाची सुट्टी झाली. तिने दाताळं नीट बाजूला ठेवलं, काठी आडवी टाकली, पडदा वर केला आणि म्हणाली की चहानंतर इथूनच धरते. विहीर तिच्यापासून इतकी जवळ होती की तिला आतलं शेवाळ दिसत होतं. गफ्फारभाई मला म्हणाले, "मॅडम, त्या वक्ती माह्या तोंडातून तमिळच निघेना. येत होती ती सारी भाषा गेली."

काही आठवडे माणसं रोज येऊन झाडाखाली बसायची. गफ्फारभाई कोलंबोला फोन लावायचे. आधी आल्हाद उचलायचे, थोडा धीर धरा म्हणायचे. मग उचलणं कमी झालं, मग बंद झालं. नंतर कळलं की आल्हादांचीही नोकरी गेली होती. गाड्या परत गेल्या, यंत्रं कुलपात गेली. गफ्फारभाईंच्या व्हिसाची मुदत संपली. निघायच्या दिवशी ते सेल्वीकडे गेले, तर ती घरी नव्हती. तिची सासू म्हणाली, पाणी आणायला गेली आहे. ते टाकीपाशी गेले, तिथेही ती नव्हती. तिने भेटायचं टाळलं हे त्यांना समजलं. मलाही त्यांनी ते तसंच सांगितलं, काही न लपवता.

ते परत आले तेव्हा उन्हाळा होता. माझ्या वाफ्याजवळ येऊन बसायचे, पण हात चालायचे नाहीत. मधूनच म्हणायचे, देनेवाल्यांचा पैसा, त्यांची मर्जी, आपण कोण? आणि थोड्या वेळाने म्हणायचे, पण पट्टी तर पुरी करू द्यायची होती. त्यांची आई, इमामबी, थकलेली पण जिभेला धार तशीच. ती म्हणायची, "लंकेचं शेत उकरून आला आन् घरची परात उचलायला याले मी सांगू?" ते हसायचे नाहीत.

पावसाळ्यात बातमी आली की शेजाऱ्याचं वासरू सेल्वीच्या शेतात घुसलं आणि सुरुंगावर पाय पडला. वासरू गेलं. त्यानंतर सेल्वीने रस्त्याकडच्या बाजूने ताडाच्या झावळ्यांचं कुंपण घातलं.

दिवाळीच्या सुट्टीत गफ्फारभाईंना आल्हादांचा फोन आला. ते कुटुंबाला घेऊन लोणारचं सरोवर बघायला येत होते, तिथून भेटायला येऊन जाईन म्हणाले. गफ्फारभाई त्या सकाळीच माझ्याकडे आले. "मॅडम, तो काऊन येऊन राह्यला समजत नाही. तुमी बसा ना सोबत. मले पुन्याच्या मानसासोबत काय बोला लागते तेच समजत नाही." मी गेले.

आल्हाद एकटेच आले, बायकोला आणि मुलीला लोणारच्या हॉटेलात सोडून. पस्तिशीचे, नम्र, दारात चपला काढून त्या सरळ लावून ठेवणारे. इमामबीच्या पाया पडले. ते मांसाहार करत नाहीत हे गफ्फारभाईंच्या लक्षात होतं, म्हणून त्यांच्या बायकोने, शाइस्ताभाभींनी, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती. आल्हाद मनापासून जेवले. नवीन नोकरीबद्दल बोलले, पुण्यात घर घेण्याबद्दल बोलले, सरोवराचं पाणी गुलाबी कधी होतं ते मला विचारलं. सेल्वीचं नाव त्यांनीही घेतलं नाही आणि गफ्फारभाईंनीही नाही. मला वाटू लागलं, तसंच निभावून जाईल.

हात धुऊन झाल्यावर गफ्फारभाईंनी त्यांना टॉवेल दिला आणि विचारलं, "साहेब, त्या दिवशी मांडवात तुमी मले म्हणलं, तिले सांगा, माहा शब्द आहे. तवा तुमाले मालूम होतं का?"

आल्हाद टॉवेलला हात पुसत राहिले. मग म्हणाले की पैसा थांबण्याबद्दल तेव्हा लेखी काहीच आलं नव्हतं. ऑफिसात बोललं जात होतं, पण असं तर दरवर्षी बोललं जातं.

"म्हंजे मालूम होतं."

"अंदाज होता, गफ्फारजी. पण त्या मांडवात मी काय सांगायला हवं होतं? लोक काम सोडून गेले असते."

त्यांचा आवाज खरा होता. मला तो माणूस खोटारडा वाटला नाही, आजही वाटत नाही. त्यांनी एका दिवसाच्या समारंभापुरतं एक बरं वाक्य बोलून टाकलं होतं. अशी वाक्यं बोलायची त्यांच्या कामात पद्धत असेल.

आतून इमामबी बोलली. ती भिंतीला टेकून बसली होती, तिला दिसत कमी होतं पण ऐकू सगळं येत होतं. "साहेब, माहा मालक भटारी होता. चावल कमी पडनार हे त्याले समजलं का तो पयल्याच पंगतीले सांगे. शेवटच्यायले पानावर बसवून नाही सांगे."

आल्हादांना ते किती समजलं कोण जाणे. ते म्हणाले, "आजी, माझ्या हातात काहीच नव्हतं." इमामबीने त्यावर मान हलवली, जसं आपण लहान मुलाचं ऐकून घेतो.

मग गफ्फारभाईंनी मोबाइल काढला आणि सेल्वीला फोन लावला. आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती. स्क्रीनवर ती दिसली, मागे झावळ्यांचं कुंपण. गफ्फारभाईंनी दोन शब्दांत तिला काहीतरी सांगितलं आणि मोबाइल आल्हादांसमोर धरला. "सांगा तिले," म्हणाले.

आल्हाद गडबडले. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. मला फार वाईट वाटतं, आम्ही खूप प्रयत्न केले, दुसरं कुठलं तरी सरकार पुढे येईल अशी आशा आहे, असं ते म्हणाले. चांगलं बोलले, थांबत थांबत बोलले, डोळेही ओले झाले होते. सेल्वी बघत होती. बोलणं संपल्यावर त्यांनी सवयीने गफ्फारभाईंकडे पाहिलं, आता तुम्ही तमिळमध्ये सांगा, अशा नजरेने.

"नाही साहेब," गफ्फारभाई म्हणाले. "तुमचं बोलनं आता मी तिकडं नेत नाही."

स्क्रीनमधून सेल्वीने काहीतरी विचारलं. त्या वाक्यात मला माझ्या ओळखीचा तो एक शब्द सापडला नाही. "अण्णा" नव्हतं. त्या जागी तिने "सर" म्हटलं होतं. गफ्फारभाईंनी तिला छोटंसं उत्तर दिलं आणि फोन बंद केला.

आल्हादांनी विचारलं, तिला काय सांगितलंत?

"ते पुसत होती, साहेब काय म्हणले. मी म्हणलं, काई नाही."

आल्हाद निघाले. गफ्फारभाई त्यांना डांबरी रस्त्यापर्यंत सोडायला गेले, गाडी वळवायला जागा करून दिली, हात वर केला. पाहुणा म्हणून त्यांनी काही कमी केलं नाही. परत आले ते सरळ माझ्या ओट्यावर येऊन बसले. मी चहा टाकला. कप हातात घेत ते म्हणाले.

"साहेबानं मले फसवलं, त्याचं मले एवढं नाही मॅडम. त्यायच्या सरकारनं त्याले फसवलं असंन. पन सेल्वीले त्यायनं नाही फसवलं. तिनं साहेबाचं तोंड पाह्यलं, आयकलं माहं. भाषा माही होती. आमच्याकडचा मानूस शब्द मोडत नाही, हे बी म्याच घातलं, कोनी सांगितलं नव्हतं. आन् शेवटी बस म्हनून बी म्याच सांगितलं."

मी म्हटलं, तुम्ही चांगल्या मनाने केलंत. ते म्हणाले, तिच्या विहिरीला त्याचा काय उपयोग? मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं की पाहुण्यांना आधी वाढावं, आपण मागून घ्यावं. ते चुकीचं होतं असं मला म्हणवत नाही. पण करीमचाचांची झाकलेली देग त्यात गृहीत होती, ती ठेवणारा कुणीतरी असायला लागतो. गफ्फारभाईंनी परक्या देशाच्या सरकारला आपल्या बापासारखं मानून घेतलं. त्या सरकारने त्यांना तसं कधी सांगितलं नव्हतं, आणि तसं नाही असंही सांगितलं नव्हतं.

सेल्वीचं शेत अजून तसंच आहे. साफ झालेल्या पट्ट्यांमध्ये तिने मिरच्या लावल्यात. लाल खुंट्या पावसाने पडल्या की ती त्या पुन्हा रंगवून तिथल्या तिथे ठोकते. तिने शेवटची आडवी टाकलेली काठी वाळवीने खाल्ली, तर तिने तिथे दुसरी टाकली. विहीर काठीच्या पलीकडे आहे. हे सगळं गफ्फारभाईंना तिथल्याच दुसऱ्या एका बाईकडून कळतं. सेल्वी स्वतः फोन करत नाही. यंदा ईदला तिचा संदेश आला होता. मलिहाने मला दाखवला, फुलांचं चित्र होतं आणि खाली इंग्रजीत "सर" लिहिलेलं.

मलिहा आता डी. फार्म करते आहे. इमामबी गेल्या महिन्यात पडली, पण सावरली. गफ्फारभाई चिखलीला एका खाजगी कॉलेजच्या फाटकावर ड्यूटी करतात, सकाळच्या एसटीने जातात आणि संध्याकाळच्या एसटीने येतात. गावात कुणाकडे लग्नकार्य असलं की ते वेळेवर हजर होतात, पहिल्या पंगतीला बसून जेवतात आणि हात धुऊन घरी येतात.